एप्रिलमधले कुरव

गुहागर, एप्रिल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या का? नागपूरचा पारा पेपरात वाचला की जीव घाबरा होतो. बाबा, अंबाझरी तलावावर जायचंच असेल तर ऊन चढायच्या आत परत या.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "उन्हाळ्यात कसले पक्षी गं तिथे!" म्हणून मुद्दाम लिहितेय. इथला किनारा जवळपास सहा किलोमीटर, सगळी वाळू, मागे सुरूचं बन. आणि पक्षी पाहावेत ते याच दिवसांत. थंडीभर पांढरी डोकी घेऊन वावरलेले कुरव, म्हणजे सीगल, आता निघायच्या बेतात आहेत, आणि त्यांची डोकी गडद तपकिरी झालीत. काहींची अजून अर्धीच रंगलीत. दुपारी सगळा थवा वाऱ्याकडे तोंड करून वाळूवर बसतो.

चिखल्या या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्यांचंही तेच. एरवी मातकट दिसणाऱ्या या चिमुकल्यांच्या छातीवर आता विटकरी पट्टा आलाय, डोळ्यांवर काळी पट्टी. चार पावलं धावायचं, थबकायचं, टोच मारायची, की पुन्हा धाव. ओल्या वाळूत बारके खेकडे साबुदाण्याएवढ्या गोळ्या मांडत जातात, तिथेच यांचं जेवण. लोक गंमत म्हणून त्यांच्यामागे कुत्री सोडतात तेव्हा फार राग येतो. लांबच्या प्रवासासाठी अंगावर साठवलेली चरबी अशी पळापळीत जाते.

हे कुरव जातात लडाख-तिबेटच्या तलावांवर. बाबा, हिवाळ्यात तुम्ही दाखवायचात ते डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस आठवतात? त्यांची वीणही तिकडेच, त्सो मोरीरीसारख्या तलावांवर. तुमच्याकडचे आणि माझ्याकडचे पाहुणे उन्हाळ्यात एकाच पाण्यावर असतात, हे कळल्यापासून मला नागपूर जरा जवळ वाटतं.

समुद्री गरुड मात्र इथलाच. उंच झाडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं, त्याचीच दर वर्षी डागडुजी. काल त्याच्या पायात समुद्रसाप लोंबत होता. आई, तू डोळेच मिटले असतेस.

पुढच्या वर्षी मार्चअखेर या दोघंही. चिपळूणला उतरा, मी घ्यायला येते. आईच्या गुडघ्याची चिंता नको, ओहोटीला पाण्यालगतची वाळू घट्ट असते, चालणं सोपं जातं. बाबा, तुमची दुर्बीण आणा.

तुमची,
लेक