पाकटाचा फिल्टर खाद्याच्या वजनावर ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई-पुण्याच्या मत्स्यालय-दुकानांत दक्षिण अमेरिकेतला गोड्या पाण्याचा पाकट (स्टिंगरे), विशेषतः मोटोरो ही जात, विकायला दिसतो. बशीएवढे पिल्लू घेणाऱ्याला विचारले जाते, टाकी किती लिटरची? मग तेवढा आकडा छापलेला कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) त्याच्या हाती दिला जातो. तो आकडा थोडे खाणाऱ्या लहान माशांच्या टाकीसाठी असतो. पाकट मांसाहारी आहे. समुद्रातल्या पाकटासारखा तो रक्तात युरिया साठवत नाही. प्रथिनांतला नायट्रोजन बहुतांशी अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतो. म्हणून विचारायला हवे ते हे, की पूर्ण वाढल्यावर रोज किती ग्रॅम खाद्य पडणार?

दोन वाढलेल्या मोटोरोंना 8 बाय 4 फुटांची टाकी धरू. पाणी दीड फूट, संपासह (टाकीखालच्या फिल्टरच्या जोडटाकीसह) एकूण 1,700 लिटर. रोज 100 ग्रॅम कोळंबी आणि मासळी दिली तर त्यात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. मत्स्यशेतीतला ठोकताळा असा, की प्रथिनांच्या वजनाला 0.092 ने गुणले की अमोनिया-नायट्रोजन (अमोनियातल्या नायट्रोजनचे वजन) मिळतो. इथे तो रोज 1.84 ग्रॅम येतो, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅमहून किंचित जास्त. फिल्टर नसेल तर एका दिवसात पाणी धोक्याच्या पातळीला जाते.

अमोनिया शून्याजवळ ठेवायचा असेल तर मीडियाच्या (फिल्टरमधल्या ज्या भरावावर जिवाणू वाढतात त्याच्या) एका चौरस मीटरवरचे जिवाणू दिवसाला 0.1 ग्रॅमच पचवतात, असे धरणे सुरक्षित. म्हणजे साडेअठरा चौरस मीटर पृष्ठभाग लागला. के-वन या प्लास्टिकच्या छोट्या चाकांच्या मीडियाच्या एका लिटरला साधारण अर्धा चौरस मीटर उपयोगी पृष्ठभाग असतो. हिशेबाने 37 लिटर झाले. वाढीव खाद्य आणि मळ यांसाठी दुप्पट, 75 लिटर ठेवावा. हा मीडिया हवेने घुसळत राहायला हवा, म्हणून तो कप्प्याच्या 60 टक्क्यांहून जास्त भरू नये. कप्पा 125 लिटरचा झाला. मध्यम कॅनिस्टरमध्ये याहून खूपच कमी मीडिया मावतो, यावरून फरक लक्षात यावा. संपाला पर्याय नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोठा पंप बसवल्याने मीडिया वाढत नाही. तासाला संपूर्ण पाणी पाच-सहा वेळा फिरले तर या टाकीला पुरे. पण पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाच फूट चढाव आणि कोपरे धरले की प्रवाह बराच घटतो, म्हणून तासाला 12,000 लिटरचा पंप घ्यावा. मीडियाच्या आधी फिल्टर सॉक (मळ अडवणाऱ्या कापडी पिशव्या) लागतातच, आणि ते दर दोन-तीन दिवसांनी धुवावेत. सॉकमध्ये अडकलेली विष्ठा पाण्यातच असते. ती तिथेच कुजते आणि जिवाणूंचा ऑक्सिजन खाते.

सर्वांत घातक चूक क्षारतेची, म्हणजे पाण्याच्या आम्ल शोषण्याच्या क्षमतेची. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचताना सुमारे 7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. वरच्या टाकीत आठवड्याला पाणी तपासण्याच्या किटवरचा केएच (हीच क्षारता मोजणारा आकडा) तीन अंशांनी उतरतो. नळाचे पाणी मऊ असेल तर केएच संपतो, पीएच सहाच्या खाली येतो आणि जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. अमोनिया साचत जातो. पण आम्लधर्मी पाण्यात तो कमी विषारी रूपात असल्याने मासा वरवर ठीक दिसतो. मग मालक एका दमात अर्धे पाणी बदलतो, पीएच वर जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. 27 अंशांना पीएच 7 असताना विषारी भाग अर्धा-पाऊण टक्का, तर पीएच 8 ला सुमारे सहा टक्के. ‘पाणी बदलले आणि मासा मेला’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. अशा वेळी खाद्य बंद ठेवावे, अमोनिया बांधणारे द्रव्य घालावे आणि दर खेपेला 10-15 टक्केच पाणी बदलावे. मुळात केएच चारच्या वर राखावा; या टाकीची रोजची झीज भरायला सुमारे 22 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. पाण्याबरोबर जेवढा केएच येईल तेवढा सोडा कमी करावा.

जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून फिल्टर कितीही चांगला असला तरी नायट्रेट उरतेच. इथे ते रोज लिटरमागे जवळपास पाच मिलिग्रॅमने वाढते. आठवड्यातून दोनदा अर्धे पाणी बदलले तर 35 च्या आसपास राहते, एकदाच बदलले तर 65 ओलांडते. नळाच्या पाण्यातल्या लिटरमागे दर मिलिग्रॅम क्लोरीनसाठी 1,000 लिटरला 7 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट आधी मिसळावे.

वीज गेली की बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन काही तासांत संपतो, आणि वीज आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत येते. इन्व्हर्टरवर निदान एअर पंप हवा. पंप थांबल्यावर टाकीतले पाणी उलटे संपात ओढले जाऊ नये म्हणून रिटर्न पाइपला (संपातून टाकीत पाणी नेणाऱ्या नळीला) पाण्याच्या पातळीलगत वायूछिद्र ठेवावे. या टाकीतले एक इंच पाणी म्हणजे 75 लिटर. ते उलटे उतरले तर मावेल एवढी जागा संपात रिकामी हवी. पाकट तळाशी पसरतो, तेव्हा शोषनळीला रुंद जाळी लावावी आणि हीटर संपात ठेवावा.

मासा आणण्यापूर्वी चार ते सहा आठवडे फिल्टर तयार करावा. आधी थोडा शुद्ध, प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर द्यावा, मग मात्रा वाढवत रोज 7 ग्रॅमपर्यंत न्यावी. तो 100 ग्रॅम खाद्याइतका अमोनिया देतो. चोवीस तासांनी थेंबांच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तरच पाकट आणावा. नायट्राइट दिसत असेल तर थांबावे. पाकटाच्या चकतीसारख्या शरीराच्या कडा वर वळलेल्या दिसतात तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

विक्रेत्यांनी पाकटाच्या टाकीवर किमतीच्या शेजारी प्रौढ आकार, रोजचे खाद्य आणि लागणारा मीडिया लिटरमध्ये लिहावा, ही आमची मागणी आपण छापावी.

आपले,
गोड्या पाण्यातील मोठे मासे पाळणारे काही वाचक, ठाणे