वनमंत्र्यांना खुले पत्र: घरातल्या प्रवाळांची यादी आधी, पंचनामा नंतर

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी: मुख्य वन्यजीव रक्षक, वनभवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर

विषय: घरगुती रीफ टँकमधील (समुद्री पाण्याच्या मत्स्यटाकीतील) प्रवाळांची ओळख, घोषणापत्र आणि जप्तीची कार्यपद्धती ठरवण्याबाबत

महोदय,

कायदा सैल करा, अशी मागणी या पत्रात नाही. मन्नारच्या आखातातून किंवा लक्षद्वीपमधून तोडलेला एक तुकडाही कुणाच्या दिवाणखान्यात येऊ नये, याबद्दल दुमत नाही. अडचण वेगळी आहे. टाकीतला कोणता जीव कायद्याच्या कक्षेत येतो आणि कोणता येत नाही, हे आज दुकानदार सांगू शकत नाही, टाकीचा मालक सांगू शकत नाही आणि तपासणीला आलेला वनरक्षकही सांगू शकत नाही. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्रजातींच्या यादीशी संबंधित गुन्ह्याला मात्र 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली सर्व हार्ड कोरल (कडक दगडी सांगाड्याचे प्रवाळ), काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सर्व सी फॅन (पंख्यासारखे प्रवाळ, म्हणजेच गॉर्गोनियन) आले. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस करारातल्या प्रजातींसाठी अनुसूची 4 तयार झाली. तीच प्रजाती 1 मध्येही असेल आणि 4 मध्येही, तर 1 च्या तरतुदी चालतात. म्हणजे परदेशातल्या शेतात वाढवलेला, साइटिसची कागदपत्रे असलेला हार्ड कोरलही इथे अनुसूची 1 च्याच चौकटीत बसतो. इथवर कायदा कडक आहे, पण स्पष्ट आहे.

घोळ सॉफ्ट कोरलपाशी, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांपाशी सुरू होतो. लेदर कोरल, झेनिया, मशरूम आणि झोआ हे मऊ जीव साइटिसच्या यादीत नाहीत. नवशिक्याची टाकी बहुधा यांचीच असते. आता जीएसपी घ्या, म्हणजे ग्रीन स्टार पॉलिप. जांभळ्या चटईवर हिरवे तारे असलेला, काचेवरही पसरणारा हा जीव जवळपास प्रत्येक टाकीत सापडतो. त्याचा वंश (जीनस) ब्रायेरियम. जुन्या वर्गीकरणात हा वंश सी फॅनच्या गटात धरला जाई. अनुसूचीत ‘सर्व गॉर्गोनियन’ असे लिहिले आहे, पण शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये केलेल्या वर्गीकरणाच्या फेरमांडणीत अष्टभुज प्रवाळांचे जुने गणच मोडीत निघाले आणि ‘सी फॅन’ हा नैसर्गिक गट उरला नाही. मग जीएसपी गुन्हा आहे की नाही? उत्तर कोणते पुस्तक उघडता त्यावर ठरते, आणि फौजदारी कायद्यात हे चालू नये.

दुसरी जोडी क्लोव्ह पॉलिप आणि ऑर्गन पाइप कोरलची. वरून पाहता दोघांचेही पॉलिप (वसाहतीतला एकेक छोटा जीव) आठ पाकळ्यांच्या फुलासारखे. पॉलिप आत ओढले गेले आणि खाली विटकरी लाल, कडक नळ्या दिसल्या तर तो ऑर्गन पाइप, म्हणजे अनुसूची 1. मऊ चटई दिसली तर क्लोव्ह. वसाहतीवर पाण्याचा हलका झोत सोडून मिनिटभर थांबले की हे कळते. मोबाइलवरच्या फोटोत कळत नाही. वनभवनाने अशी 20 ते 25 जीवांची सचित्र मराठी पुस्तिका काढावी: प्रत्येकाचा उघडा आणि मिटलेला असे दोन फोटो, सांगाड्याची खूण, आणि स्पष्ट शेरा, ‘अनुसूचीत आहे’ किंवा ‘नाही’. जीएसपीसारख्या सीमेवरच्या जीवांबाबत केंद्राकडून लेखी खुलासा मागवावा.

तळाच्या वाळूचेही असेच आहे. साइटिसमध्ये 2 मिलिमीटरपर्यंतची प्रवाळवाळू आणि 2 ते 30 मिलिमीटरचे तुकडे नियंत्रणाबाहेर आहेत. आपल्या अधिनियमात असे माप नाही. क्रश्ड कोरलची पिशवी विकणाऱ्याने काय समजायचे, तेही पुस्तिकेत यावे.

ज्यांच्याकडे आज हार्ड कोरल आहे, ते गप्प आहेत. का, ते उघड आहे. 2003 मध्ये केंद्राने वन्यजीव साठ्याच्या घोषणेसाठी 180 दिवसांची मुदत दिली होती. प्रवाळांसाठी तशीच एकदाची मुदत मिळावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. अटी कडक ठेवा: विक्री नाही, भेट नाही, नवी खरेदी नाही. हे झाले नाही, तर भीतीपोटी वसाहती रात्रीतून कचऱ्यात जातील आणि त्या कुठून आल्या हा माग कायमचा बुजेल. आपल्या खात्याला खरी गरज त्या मागाचीच आहे.

घोषणापत्रात मोजायचे काय, हेही ठरले पाहिजे. अनुसूची 4 च्या जिवंत प्राण्यांसाठी 28 फेब्रुवारी 2024 चे नियम आले. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू कळवायचे आणि नवा प्राणी आल्यास 30 दिवसांत नोंद करायची. मकाऊ किंवा इग्वानासाठी ही रचना ठीक आहे. प्रवाळाला मात्र ‘जन्म’ असा दिवस नसतो. फांदी तुटली, खडकावर पडली, चिकटली, की दोन वसाहती झाल्या. अर्धी वसाहत मेली आणि अर्धी जगली, तर मृत्यू कळवायचा का? पॉलिप मोजायला लावले, तर नोंद आठवडाभरात खोटी ठरेल. एका तळावर सलग वाढलेली वसाहत हे एकक धरा. शेजारी पट्टी ठेवून वरून आणि बाजूने फोटो घ्यावा, सर्वांत मोठा व्यास सेंटिमीटरमध्ये लिहावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा कळवावे. फक्त अनुसूची 4 मध्ये येणाऱ्या प्रजातींना अधिनियमाच्या कलम 49एमच्या परंतुकाखाली अशा घोषणेतून सूट देण्याचा अधिकार केंद्राला आहेच.

आता जप्ती. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सध्याच्या पद्धतीने प्रवाळ जप्त झाला तर तो वाचत नाही. सेमिनरी हिल्सचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आणि गोरेवाडा बिबट्याला, घुबडाला सांभाळतात. तिथे समुद्राचे पाणी नाही, आणि ते ऐनवेळी तयार होत नाही. 200 लिटर पाण्याला साधारण 7.5 किलो सागरी मीठ लागते, खाण्याचे मीठ चालत नाही. पाणी आरओ-डीआयचे (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेले), टीडीएस म्हणजे विरघळलेले घटक शून्याच्या जवळ हवे. पिण्याच्या आरओचे पाणी पुरेसे शुद्ध नसते. मीठ घालून पंपाने 24 तास ढवळल्यावर क्षारता (मिठाचे प्रमाण) दर हजारी 35, तापमान 25 अंश, अल्कलिनिटी (आम्ल सोसण्याची क्षमता) 8 ते 9 डीकेएच या एककात आणि कॅल्शियम लिटरला 420 मिलिग्रॅमच्या आसपास आले पाहिजे. एवढे करूनही फिल्टरमधले, अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला 4 ते 6 आठवडे जातात. त्याआधी प्राणी टाकले तर अमोनिया चढतो.

म्हणून पहिली पसंती जागेवरच सुपूर्दनाम्याची, म्हणजे जप्त वस्तू हमीवर मालकाकडेच ठेवण्याची असावी. पंचनामा करा, फोटो घ्या, वसाहतींना क्रमांक द्या, टाकी चालू ठेवा. खोलीला सील ठोकून मेन स्विच बंद केला, तर 300 लिटरच्या, मासे असलेल्या टाकीतला प्राणवायू काही तासांत धोक्याच्या पातळीखाली जातो. मे महिन्यात नागपूरचे तापमान काही दिवस 45 च्या पुढे जाते, त्यामुळे चिलर बंद पडला की पाणी संध्याकाळपर्यंत 32 अंशांवर पोचू शकते. प्रवाळ 30 च्या वर काही दिवस राहिला, तरी आतले शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो.

सांभाळणाऱ्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे आटलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी भरणे. पंख्याने थंड ठेवलेल्या टाकीतून इथल्या कोरड्या उन्हाळ्यात दिवसाला 5 लिटर सहज उडते. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. काहीच भरले नाही, तर 300 लिटरमध्ये क्षारता आठवड्यात 35 वरून 39 च्या पुढे जाते. खारे पाणी भरत गेलात तरी ती चढतच राहते. आटलेले पाणी नेहमी बिनमिठाच्या आरओ पाण्याने, रोज, थोडे थोडे भरावे. खोलीत वाळ्याचा कूलर लावला की हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचा उपयोग कमी होतो, हेही नोंदीत असावे.

हलवणे अटळच असेल, तर टाकीचेच 60 टक्के पाणी सोबत न्या. प्रत्येक वसाहत वेगळ्या पिशवीत, एक भाग पाणी, दोन भाग हवा. लेदर कोरलचा स्राव इतरांना मारतो, म्हणून एका बादलीत सगळे कोंबू नये. पिशव्या झाकणाच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा, आणि प्रवास पहाटे करा. लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि छोटे जीव वस्तीला असलेला खडक, पाण्यातूनच न्यावा. सुकला की त्यावरचे जीव कुजतात आणि नव्या टाकीत अमोनिया सोडतात. जुन्या वाळूचा जाड थर उपसून सोबत नेऊ नका, त्यात हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो.

कर्मचाऱ्यांच्या जिवाचेही बघावे लागेल. काही झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावावा. हे जीव चिकटलेला खडक उकळू नये, गरम पाण्याने धुऊ नये, कोरडा घासू नये. वाफ आणि तुषार श्वासावाटे जाऊन माणूस अत्यवस्थ होतो.

कडक संरक्षण आणि व्यवहार्य नियम एकत्र नांदू शकतात, हे आपल्याच खात्याने दाखवले आहे. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या अनुसूची 1 मधल्या 18 प्रवाळ वसाहती 2020 मध्ये परवानगी देऊन दुसरीकडे हलवल्या गेल्या. ऐरोलीत वन खात्याअंतर्गतचे कांदळवन प्रतिष्ठान क्लाउनफिश या शोभेच्या समुद्री माशाच्या पैदाशीत उतरले आहे. अमेरिकेने 2014 मध्ये 20 प्रवाळ प्रजाती धोक्यात असल्याचे जाहीर केले, पण बंदीचे नियम त्या यादीसोबत आपोआप लागू झाले नाहीत. ‘थ्रेटन्ड’ वर्गासाठी तिथे वेगळा नियम काढावा लागतो. इकडे उलटे झाले. 2017 मध्ये मत्स्यालयाच्या दुकानांसाठी 158 माशांच्या यादीसह नियम आले, ते अमलात आणण्याजोगे नव्हते आणि पुढे मागे घ्यावे लागले. प्रवाळांबाबत तसे होऊ नये.

पुस्तिका आणि जप्तीची कार्यपद्धती मार्चच्या आत निघावी. एप्रिल ते जून या काळात विनाकार्यपद्धती केलेली कोणतीही जप्ती म्हणजे मुद्देमाल न्यायालयात पोचण्याआधीच मेलेला असेल, आणि मेलेल्या प्रवाळाची प्रजात पटवणे सरकारी पक्षालाही जड जाईल. पुस्तिकेचा मसुदा, फोटो आणि वनरक्षकांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक देण्याची आमची तयारी आहे.

आपले,
नागपुरातील रीफ टँकधारक