'स्त्री २' पाहणाऱ्यांचे म्हणणेही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'स्त्री २' या हिंदी भय-विनोदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी आपल्या मालिकेतील पुढच्या चित्रपटांची यादी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केली असून, तीत 'स्त्री ३' आणि 'महामुंज्या' ('मुंज्या'चा पुढचा भाग) या दोन्ही नावांपुढे २०२७ हे वर्ष दिलेले आहे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी प्रदर्शित झालेल्या 'स्त्री २'ने देशात पाचशे कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला, ही बातमी सर्वच वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे चालवली. मात्र चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या माणसाला नेमके काय आवडले, काय खटकले आणि का खटकले, याला त्या बातम्यांत जागा मिळाली नाही. गल्ल्याचा आकडा किती लोकांनी तिकीट काढले एवढेच सांगतो. पुढचे भाग आता लिहिले जात असतील, तेव्हा प्रेक्षकांचे मत सकारण मांडले जावे, या इच्छेने हे पत्र लिहीत आहे.

२०१८ साली आलेला पहिला 'स्त्री' लोकांना इतका का भावला, हे आधी नीट सांगितले पाहिजे. मध्य प्रदेशातील चंदेरी गावात उत्सवाच्या रात्री एक चेटकीण पुरुषांना उचलून नेते आणि मागे फक्त त्यांचे कपडे उरतात. म्हणून घराच्या भिंतींवर 'ओ स्त्री कल आना' असे लिहून ठेवायचे, ही त्याची कथा. कर्नाटकात नव्वदच्या दशकात दारांवर 'नाळे बा' (उद्या ये) असे लिहिण्याची जी वदंता पसरली होती, तिचाच हा धागा. त्यात विनोद निर्माण झाला तो एका साध्या उलटापालटीतून. सातच्या आत घरात, एकटे बाहेर पडू नका, कोणी हाक मारली तर वळून पाहू नका, ही मुलींना जन्मभर ऐकवली जाणारी वाक्ये तिथे गावातल्या धडधाकट पुरुषांना ऐकावी लागत होती. शिवाय ती चेटकीण जबरदस्तीही करत नव्हती; ती आधी हाक मारायची आणि पुरुष वळला तरच त्याला न्यायची. प्रेक्षागृहातील स्त्रिया त्या प्रसंगांना ज्या मोकळेपणाने हसल्या, तसे हसू आपल्या चित्रपटांनी त्यांच्या वाट्याला फार थोड्या वेळा आणले आहे.

दुसऱ्या भागाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. दिग्दर्शक अमर कौशिक आणि लेखक नीरेन भट्ट यांनी विकी, बिट्टू, जना आणि रुद्र या चौकडीच्या तोंडी दिलेले संवाद अनेक ठिकाणी पहिल्या भागापेक्षाही चपखल आहेत. अभिषेक बॅनर्जी यांचा भित्रा जना आणि पंकज त्रिपाठी यांचा कोणतीही गोष्ट शांतपणे सांगणारा रुद्र यांच्यासाठी चित्रपट दोनदा पाहिलेली माणसे मला ठाऊक आहेत. सरकटा, म्हणजे या भागातला शिर तुटलेला राक्षस, याच्या भूमिकेसाठी जम्मूच्या पोलीस दलातील साडेसात फुटांहून उंच असलेल्या सुनील कुमार यांना उभे केल्यामुळे, संगणकावर घडवलेल्या मस्तकाखालच्या त्या धडाला खरे वजन आले. लहान मुले घाबरली आणि मोठी माणसेही खुर्चीत सावरून बसली, हे त्या निवडीचे यश आहे.

तरीही ज्यांनी दोन्ही भाग लक्षपूर्वक पाहिले, त्यांची नाराजी मला योग्य वाटते, आणि ती वरवरची नाही. सरकटा पळवतो ते आधुनिक विचारांच्या मुलींना. म्हणजे पहिल्या भागात भीती ज्या बाजूला गेली होती, तिथून ती पुन्हा जुन्याच जागी आली: मुली संकटात आणि त्यांना सोडवायला पुरुषांची टोळी. याहून गंभीर बदल पूर्वकथेत झाला आहे. पहिल्या चित्रपटात, पुढे चेटकीण झालेल्या नर्तिकेची आणि तिच्या प्रियकराची हत्या हा गावच्या पुरुषांचा सामुदायिक अपराध होता. जिची सर्वांना अभिलाषा होती ती एकाच्याच प्रेमात पडली, हे त्यांना सहन झाले नाही. म्हणूनच शेवटी गावाने तिचा मान मान्य करून तिच्यापुढे हात जोडावेत, हा शेवट पटत होता. दुसऱ्या भागात तो सगळा अपराध एकट्या चंद्रभानच्या, म्हणजे पुढे सरकटा झालेल्या माणसाच्या, माथी मारला जातो आणि गाव निर्दोष सुटते. राक्षस मेला की प्रश्नही संपला, अशी सोय एकदा झाली की प्रेक्षकाला स्वतःकडे पाहण्याची गरज उरत नाही. पहिल्या भागाने ती गरज हसत-खेळत निर्माण केली होती, म्हणून ही सोय मला अधिक खुपते.

या दुसऱ्या भागातच एक प्रसंगमालिका अशी आहे की तिच्यावरच पूर्ण कथा उभी राहू शकली असती. सरकटा गावातील पुरुषांच्या मनाचा ताबा घेतो आणि कालपर्यंत सरळ वागणारे ते बाप, भाऊ, नवरे आपल्याच घरातील स्त्रियांना कोंडू लागतात. भय आणि विनोद यांची जात एकच असते, हे इथे क्षणभर प्रत्ययाला येते, कारण ते पुरुष बोलतात ती वाक्ये आपण सर्वांनी आपापल्या घरांत ऐकलेली आहेत. पण चित्रपट तिथे थांबत नाही. तो लगेच अंतिम युद्धाकडे धावतो. प्रदर्शनानंतर पाचच दिवसांनी, २० ऑगस्टला, शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या निषेधार्थ बदलापूरचे नागरिक रेल्वे रुळांवर उतरले होते. त्या आठवड्यात चित्रपट पाहिलेल्या काही मैत्रिणी मला म्हणाल्या की, संवादांना हसू आले, पण मुलींना पळवण्याच्या प्रसंगांत आजूबाजूला उठणारे हसणे ऐकवत नव्हते. प्रेक्षकाचे हे मतही नोंदले जायला हवे.

तमन्ना भाटिया यांच्यावर चित्रित झालेल्या या चित्रपटातील नृत्यगीताविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. मला स्वतःला नृत्याला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो कॅमेऱ्याच्या नजरेला, कारण स्त्रीच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारा चित्रपट त्या काही मिनिटांत त्याच नजरेने पाहतो जिच्याविरुद्ध तो बोलू पाहतो.

दुसरी तक्रार पाहुण्या कलाकारांची. वरुण धवन यांचा 'भेडिया' पडद्यावर येतो तेव्हा चित्रपटगृहात शिट्ट्या पडतात, हे खरे. परंतु याच मालिकेतला, २०२२ चा, अरुणाचल प्रदेशात घडणारा 'भेडिया' हा चित्रपट ज्यांनी पाहिलेला नाही, अशा वडीलधाऱ्या प्रेक्षकांना हा लांडग्याचे रूप घेणारा तरुण चंदेरीत कशासाठी आला, हे कळत नाही. अक्षय कुमार यांचे येणे तर या कथेपेक्षा पुढच्या कथेची तजवीज करण्यासाठीच आहे. एका चित्रपटाचे तिकीट काढलेल्या माणसाला तो चित्रपट पूर्णपणे मिळाला पाहिजे.

यावर काही जण म्हणतात की, दोन घटका करमणुकीसाठी गेलेल्या माणसाने इतका विचार कशाला करायचा? त्यांना माझे नम्र उत्तर असे की, पहिल्या 'स्त्री'तील हसू त्या विचारातूनच आले होते. विचार बाजूला काढला तर उरतो तो केवळ आकाराने मोठा झालेला राक्षस.

मराठी प्रेक्षकांना या प्रश्नाची ओळख जुनी आहे. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला'तील तात्या विंचू हा हातभर उंचीचा बाहुला होता. रामदास पाध्ये यांच्या हातांनी तो जिवंत झाला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भेदरलेल्या चेहऱ्यामुळे तो एकाच वेळी हसवू आणि घाबरवू शकला. २०१३ साली दुसरा भाग त्रिमितीत आला. मराठीने ते तंत्र स्वीकारल्याचा अभिमान वाटला, तरी बेर्डे आपल्यात नव्हते आणि ती उणीव कोणत्याही तंत्राने भरून निघाली नाही, असे माझे मत आहे. घाबरणारे माणूस जिवाभावाचे वाटले तरच भुताला अर्थ येतो.

'महामुंज्या'ची काळजी मला याच कारणाने वाटते. जून २०२४ मध्ये आलेला, आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला 'मुंज्या' आपल्या कोकणातल्या समजुतींवर उभा होता: मुंज झालेला, लग्नाची इच्छा अपुरी राहिलेला, पिंपळावर राहणारा हट्टी मुलगा. सुहास जोशी यांची आजी, कोकणातले घर, मुंज्याचा तो लाडिक हट्ट हे सारे आपल्या ओळखीचे होते आणि म्हणूनच इतर प्रांतांतल्या प्रेक्षकांनाही ते खरे वाटले. नव्या नावात 'महा' आले आहे, तेव्हा या भुताला विश्वयुद्धाचा योद्धा न करता त्याला त्याच्या पिंपळाजवळ राहू द्यावे, अशी माझी निर्मात्यांना कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडेही एक मागणी आहे. आपल्या चित्रपटविषयक पुरवणीत रविवारच्या कमाईच्या तक्त्याशेजारी वाचकांच्या सकारण प्रतिक्रियांसाठी अर्धा रकाना राखून ठेवावा. तारे आणि गुण नकोत. चित्रपट कोणी, कोणाबरोबर पाहिला आणि कोणत्या प्रसंगाविषयी काय वाटले, एवढे चार-सहा ओळींत लिहिण्याची मुभा असावी. मुलांना घेऊन गेलेले पालक, महाविद्यालयीन तरुण, पन्नाशीच्या पुढच्या स्त्रिया यांची मते शेजारी शेजारी छापली गेली, तर 'स्त्री ३'च्या लेखकांना ती 'स्त्री २'च्या कमाईपेक्षा अधिक उपयोगी पडतील. या रकान्यासाठी पहिली प्रतिक्रिया म्हणून या पत्रातील कोणताही भाग संक्षेपाने वापरण्यास माझी हरकत नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे