पाच-शून्य नव्हे, चार-एक!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला ‘गो’ या सोंगट्यांच्या पटखेळावरचा लेख वाचला. मथळा झोकात आहे, आतला मजकूर मात्र कुणी तपासलेला दिसत नाही. लेखात म्हटलंय तसा कोरियाचा नामवंत गो खेळाडू ली सेडोल हा अल्फागो या संगणक प्रोग्रामकडून ५-० असा हरलेला नाही. मार्च २०१६ मध्ये सोलला तो ४-१ असा हरला. अल्फागोकडून ५-० असा हरला तो युरोपचा विजेता फान हुई, ऑक्टोबर २०१५ मध्ये. एका डावाचा तर फरक, असं म्हणाल. पण लक्षात ठेवावा असा तोच एक डाव होता! चौथ्या डावात लीने ७८ वी चाल अशी काही टाकली की यंत्राचा हिशेबच कोलमडला आणि शेवटी यंत्रानेच हार मानली. तुमच्या लेखकाने तो डाव गिळला आणि वर सल्ला दिला, माणसाने आता पट गुंडाळावा.

चित्राबद्दल तर बोलायलाच नको. सोंगट्या चक्क घरांत बसवल्या आहेत. गोच्या पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा असतात, त्या जिथे एकमेकींना छेदतात अशा ३६१ जागांवर सोंगटी ठेवतात. देवळाच्या फरशीवर वाघ-बकरी खेळलेल्या खानापूरकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याने चित्र बघूनच कपाळाला हात लावला असता.

असो. माझा खरा राग निराळा आहे.

मी शहापुरात मुलांना बुद्धिबळ शिकवतो. फी घेत नाही, त्यामुळे पालक फारसं मनावर घेत नाहीत. मागे एका मंडळाच्या गणेशोत्सवातल्या स्पर्धेत माझ्याकडची सातवीतली मुलगी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. समोर कॉलेजातला पोरगा. दर दोन-तीन चालींनी तो “सर, एक मिनिट” म्हणून उठायचा आणि मांडवामागच्या बोळात जायचा. परत आला की खुर्चीवर टेकायचाही नाही, उभ्या उभ्या चाल करून घड्याळ दाबायचा. एकदा तर सरळ हत्ती देऊन टाकला. का दिला ते पाच-सहा चालींनंतर आम्हाला कळलं, त्याला आधीच कसं कळलं देव जाणे. मी पंचांना म्हटलं, त्याचा मोबाईल जमा करून घ्या. तर पंच म्हणतात, “मास्तर, पोराला लघवीलाबी जाऊ द्यायचं नाही काय हो?” मुलगी हरली. ढाल घेतानाचा त्या पठ्ठ्याचा फोटो तुमच्याच पेपरात आला होता.

सोलमध्ये यंत्र निदान उघड उघड समोर होतं. त्याच्या वतीने सोंगट्या ठेवायला आजा हुआंग खुर्चीत बसलेला, कॅमेरे लावलेले. आपण कुणाकडून हरतोय हे लीला ठाऊक होतं. आमच्याकडे यंत्र पॅंटच्या खिशात बसून खेळतं, आणि ढाल मात्र पोरगा घेऊन जातो. यावर लिहा की कधीतरी!

२०१९ मध्ये लीने निवृत्ती घेतली आणि यंत्राला हरवणं शक्य नाही असं म्हणाला, हे खरं आहे. म्हणून खेळ संपला? डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला १९९७ मध्ये हरवलं. आपल्या आनंदची पाचही जगज्जेतेपदं त्यानंतरची. गुकेश तर २०२४ मध्ये जगज्जेता झाला, तेव्हा यंत्राशी बरोबरी करायची स्वप्नं कुणी बघतही नव्हतं. आणि २०२३ मध्ये एका हौशी अमेरिकन खेळाडूने गो खेळणाऱ्या कातागो या तगड्या प्रोग्रामला १५ पैकी १४ डावांत हरवलं. (त्याची खोड दुसऱ्या एका प्रोग्रामने शोधून दिली होती, हेही सांगतो, नाहीतर उद्या माझ्याविरुद्ध पत्र यायचं.) यातलं अक्षरही तुमच्या लेखात नाही.

त्याच मुलीचे वडील काल संध्याकाळी पेपर घेऊनच दारात उभे. “मास्तर, पेपरातच आलंय की, आता सगळं कॉम्प्युटरच खेळणार म्हणून. हिला गणिताच्या क्लासला घालतो.” मी काय बोलणार? छापील अक्षरापुढे मास्तरचं चालत नाही.

जाता जाता आणखी एक. रविवारचं बुद्धिबळाचं कोडं बंद करून तिथे राशिभविष्य पसरलंय, ते कुणाच्या मागणीवरून? माझ्या राशीला या आठवड्यात ‘पत्रव्यवहारात यश’ आहे म्हणे. बघू, छापता का.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव