गाठ साधी आहे, हे हाताने ठरत नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर महिन्यात स्तनाच्या कर्करोगाविषयी व्याख्याने आणि तपासणी शिबिरे नागपुरात ठिकठिकाणी होतात. त्यांतून ‘छातीत गाठ लागली तर दुखणे अंगावर काढू नका’ हा निरोप आता बऱ्याच घरांपर्यंत पोहोचला आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र गाठ डॉक्टरांना दाखवल्यानंतर पुढे काय व्हायला हवे, ती साधी की कर्करोगाची हे कोणत्या आधारावर ठरते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ काम करून निवृत्त झाले आहे. शल्यचिकित्सकांनी काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे निदान लिहिणे हेच माझे काम होते, आणि त्या कामात जे वारंवार खटकत राहिले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यातून ३६ वर्षांची एक भगिनी आमच्याकडे आली होती. डाव्या स्तनावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण होता आणि नेमक्या त्याच्याखाली लिंबाएवढी नवी गाठ वाढली होती. पहिली गाठ दीड वर्षापूर्वी एका खासगी दवाखान्यात काढलेली होती. तिचा अहवाल मागितला तेव्हा ती म्हणाली, “साधीच हाये, तपासाची गरज नाही म्हनलं डॉक्टरनं.” काढलेली गाठ नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवली गेली आणि नंतर टाकून दिली गेली. नव्या गाठीचे निदान फायलोडिस ट्यूमर असे आले. हा आजार सुरुवातीला हाताला अगदी फायब्रोॲडेनोमासारखाच, म्हणजे तरुण मुलींमध्ये नेहमी आढळणाऱ्या निरुपद्रवी गाठीसारखाच लागतो. पण त्याचे साधा, सीमारेषेवरचा आणि कर्करोगी असे तीन प्रकार असतात, आणि साधा प्रकारसुद्धा भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढला नाही तर त्याच जागी पुन्हा उद्भवू शकतो. पहिल्या वेळी तो कोणत्या प्रकारचा होता, त्याच्या कडा मोकळ्या, म्हणजे आजाराविना होत्या का, हे सांगू शकणारा एकमेव पुरावा कचऱ्यात गेला होता. मी त्या ताईला काहीही उत्तर देऊ शकले नाही, आणि ती हतबलता माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

अशा वेळी सगळा दोष एका डॉक्टरवर टाकणे मला योग्य वाटत नाही, कारण समजूतच सर्वत्र तशी आहे. गाठ हलते, म्हणजे साधी. दुखते, म्हणजे कर्करोग नाही. बाई तरुण आहे, बाळाला अंगावर पाजते आहे, म्हणजे दुधाचीच गाठ. या आडाख्यांत काही तथ्य जरूर आहे. फायब्रोॲडेनोमा साधारणपणे १५ ते ३५ या वयात दिसतो, गुळगुळीत असतो आणि बोटांखालून निसटतो. पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, बहुधा पस्तिशीनंतर पाळी जाण्याच्या काळापर्यंत आढळते. पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होऊन दुखणे आणि पाळी सुरू झाल्यावर ते ओसरणे हा संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा परिणाम असतो. याउलट कर्करोगाची गाठ पुष्कळदा न दुखणारी, टणक, ओबडधोबड आणि आजूबाजूला रुतलेली असते; वरची त्वचा खळीसारखी आत ओढली जाते, स्तनाग्र अलीकडे आत वळू लागते, काखेत गाठी लागतात. वैद्यकीय पुस्तकांतही ही लक्षणे अशीच दिली आहेत आणि ती प्रत्येक स्त्रीला माहीत असायलाच हवीत. पण ती शंका घेण्यासाठी आहेत. सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगाची गाठ हलणारी असू शकते, काही स्त्रियांची ती दुखतेही, आणि कमी वयात हा आजार कमी प्रमाणात होत असला तरी होतच नाही असे नाही. बाळंतपणानंतरच्या काळात तर ‘दूध साकळले असेल’ या एका वाक्यावर मौल्यवान महिने निघून जातात. दुधाची गाठ किंवा गळू योग्य औषधोपचाराने थोड्याच दिवसांत उतरणीला लागायला हवे. स्तन लाल झाला आहे, सुजला आहे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते आहे आणि प्रतिजैविके घेऊनही फरक पडत नाही, अशा वेळी औषध बदलत बसण्यापेक्षा तेथील तुकडा तपासणे आवश्यक असते, कारण दाहासारखा दिसणारा कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार नेमका असाच असतो.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी तर जवळजवळ कोणीच लिहीत नाही. कर्करोगासारखे दिसणारे, पण कर्करोग नसलेले आजार आपल्या भागात वरचेवर भेटतात. मार लागल्यानंतर स्तनातील चरबीचा काही भाग मृत होऊन टणक गोळा तयार होतो. तो त्वचेला आत ओढतो आणि मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीतही संशय निर्माण करू शकतो. स्तनाचा क्षयरोग आपल्या देशात अजूनही दिसतो. त्यात टणक गाठ, काखेतील सूज आणि कधी कधी वाहणारे छिद्र असते. क्षयरोगाचे जंतू सापडत नाहीत असाही एक दीर्घकाळ चालणारा दाह असतो आणि तोही हाताला कर्करोगासारखाच लागतो. हाताला कर्करोगासारखी गाठ लागलेल्या एका महिलेच्या घरच्यांनी कर्करोगच समजून सगळी आशा सोडली होती. तुकड्यात क्षयरोगाच्या गाठी निघाल्या आणि ती क्षयरोगाच्या औषधांनी पूर्ण बरी झाली. केवळ हाताच्या भरवशावर तिचा स्तन काढला असता, तर ते किती भयंकर झाले असते!

म्हणूनच जगभर जी पद्धत मान्य झाली आहे ती तीन तपासण्यांच्या मेळाची आहे: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने काढलेल्या नमुन्याची तपासणी. स्तनाची ऊती दाट असल्यामुळे तरुण वयात सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते आणि चाळिशीनंतर मॅमोग्राफीही करतात. तिन्ही तपासण्या ‘साधी’ म्हणत असतील, तर कर्करोग निसटण्याची शक्यता अत्यल्प उरते. तिघींपैकी एक जरी वेगळे सांगत असेल, तर प्रश्न सुटलेला नाही असे समजून पुढे शोध घ्यावा लागतो. हाताला स्पष्ट लागणारी गाठ मॅमोग्राफीत दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊन घरी गेलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. दाट ऊतीत गाठ लपू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

अहवालांची भाषा हा तर स्वतंत्र विषय होईल, तरी एक गैरसमज येथे दूर करते. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीच्या अहवालात शेवटी ‘बाय-रॅड्स’ असे लिहून शून्य ते सहा यांपैकी एक आकडा दिलेला असतो. हा आकडा संशयाचे प्रमाण सांगतो. त्याचा कर्करोगाच्या टप्प्याशी काहीही संबंध नाही. ३ म्हणजे गाठ बहुतेक साधी आहे, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही, पण काही महिन्यांनी पुन्हा पाहायची आहे. ४ म्हणजे तुकडा तपासावा इतपत संशय आहे, आणि असे तपासलेले अनेक तुकडे शेवटी साधेच निघतात. ‘बाय-रॅड्स ४’ वाचून चौथा टप्पा आला असे समजून रात्रभर रडणारी माणसे मी पाहिली आहेत. अहवालाखाली मराठीत दोन ओळी छापल्या, तर हा त्रास टळेल.

आता सुईच्या भीतीविषयी. ‘सुई लावली की आजार पसरतो’ हे वाक्य मी गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतच्या रुग्णांच्या तोंडून ऐकले आहे, आणि सुशिक्षित घरांतही ऐकले आहे. योग्य रीतीने केलेल्या बायोप्सीमुळे, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीमुळे, स्तनाचा कर्करोग पसरून रुग्णाचे आयुष्य कमी होते, असे कोठेही आढळलेले नाही. जागा बधिर करून जाड सुईने भाताच्या शितापेक्षाही बारीक असे काही तुकडे घेतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून केलेली तपासणीही उपयुक्त आहे, पण तिच्यात पेशी सुट्या येतात, त्यांची मूळ रचना दिसत नाही. ती रचना हेच तर निदानाचे मर्म आहे. निरोगी दुग्धग्रंथीला पेशींचे दोन थर असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. साध्या आजारांत ग्रंथी कितीही वाढल्या, वेड्यावाकड्या झाल्या, तरी हा बाहेरचा थर सहसा शाबूत असतो. कर्करोगाच्या पेशी नलिकेच्या आतच असतील, तर तो अवस्थेने आरंभीचा, बंदिस्त कर्करोग होय. बाहेरचा थर आणि त्याखालचा पडदा भेदून त्या बाहेर पडल्या, की तो पसरू शकणारा कर्करोग ठरतो. कधी कधी हा थर साध्या रंगाने दिसत नाही आणि विशेष रंग वापरून शोधावा लागतो. ज्या प्रश्नापाशी सूक्ष्मदर्शकावर बसलेली व्यक्तीही थबकते, तो बोटांनी कसा सुटणार?

याचा अर्थ हाताच्या तपासणीला महत्त्व नाही असा मुळीच नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ पासून वीस वर्षे सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी आपल्या आरोग्य केंद्रांवर व्हायला हवी. ती नियमित होत राहावी, यासाठी महापालिका आणि जिल्हा परिषद यांच्याकडे आपल्या वृत्तपत्राने जरूर पाठपुरावा करावा. मात्र आशाताईंनी किंवा परिचारिकेने शोधलेल्या गाठीची पुढील वाट ठरलेली नसेल, तर ती बाई घाबरून घरी बसते, किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची छोटी, तीन तपासण्यांनी साधी ठरलेली फायब्रोॲडेनोमाची गाठ केवळ ‘लग्नाआधी काढून टाकू’ म्हणून काढली जाते, हेही मला तितकेच अनावश्यक वाटते. अशी गाठ वाढत नसेल तर नुसते लक्ष ठेवले तरी चालते.

शहरातील आणि विदर्भातील सर्व शल्यचिकित्सकांना माझी कळकळीची विनंती आहे की स्तनातून काढलेली कोणतीही गाठ, ती कितीही साधी वाटो, तपासणीला पाठवल्याशिवाय टाकून देऊ नये. ती पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवली तर कुजते. दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, गाठीच्या सुमारे दहापट द्रावणात, काढल्यापासून तासाभराच्या आत बुडवलेली असावी. उशीर झाला तर कर्करोग निघाल्यावर करावयाच्या संप्रेरक-ग्राहकांच्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशी संप्रेरकांना प्रतिसाद देतात का हे पाहणाऱ्या तपासण्यांचे निकालही चुकू शकतात, आणि त्यावर पुढची सगळी औषधयोजना अवलंबून असते. तपासणीचा खर्च रुग्णाला परवडणार नाही म्हणून गाठ पाठवली नाही, असेही कारण मी ऐकले आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या खर्चातच ही तपासणी धरावी, आणि ते शक्य नसेल तर रुग्णाला मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील सरकारी रुग्णालयांत पाठवावे.

भगिनींना एवढेच सांगते की शस्त्रक्रियेपूर्वीच ‘गाठ तपासायला कोठे पाठवणार आहात’ असे विचारावे. तसे विचारण्यात कोणताही अविश्वास नाही. अहवालाची प्रत कायम जपून ठेवावी. गाठीचे मेणात बसवलेले ठोकळे आणि काचपट्ट्या प्रयोगशाळा अनेक वर्षे सांभाळतात, आणि दुसरे मत घ्यायचे असेल तर ते मागून नेता येतात. भंडाऱ्याच्या त्या ताईजवळ यांपैकी काहीच नव्हते. तिची दुसरी गाठ पुरेशा कडेसह निघाली, आणि या वेळी अहवालाच्या दोन प्रती मी स्वतः तिच्या हातात दिल्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट,
धरमपेठ, नागपूर