खरमातीची ट्रॉली सुटते कुठे?

मा. संपादक,

उघड्यावर कचरा आणि खरमाती, म्हणजे बांधकाम-तोडफोडीचा मलबा, टाकणाऱ्यांचा दंड वाढवा, अशी मागणी कोल्हापुरात सतत होते. दंड कमी आहे हे खरेच. कोल्हापूरसारख्या क आणि ड वर्ग महापालिकांसाठी शासनाने रस्त्यावर घाण केल्याबद्दल 150 रुपये ठरवले होते. ट्रॉलीभर खरमाती नाल्यात ओतणाऱ्याला ते भाड्यातूनच सुटतात. पण दंड दहापट केला तरी आधी माणूस सापडला पाहिजे आणि सापडल्यावर कागद टिकला पाहिजे. घोडे अडते ते इथेच.

चौकातले कॅमेरे उंच खांबावर, वाहतुकीसाठी बसवलेले असतात. त्यांत ट्रॉलीतला माल दिसतो, नंबर दिसत नाही. नंबर असतो ट्रॅक्टरच्या पुढे. ट्रॉलीच्या मागची पाटी चिखलाने माखलेली असते, नाहीतर नसतेच. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड पडून पाटी पांढरीफटक होते. म्हणून ढीग पडणाऱ्या जागी दोन कॅमेरे लागतात. एक रस्त्याकडेला सात-आठ फूट उंचीवर, फक्त नंबरपाटीसाठी. दुसरा माल ओतताना दिसेल असा. दोन्हींचे घड्याळ जुळलेले हवे. जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवे चढते, त्यामुळे तक्रार आली की त्याच दिवशी ते वेगळे काढून ठेवावे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा) जोडले नाही, तर न्यायालयात सगळी मेहनत वाया जाते. या प्रमाणपत्राचा छापील नमुना प्रत्येक आरोग्य निरीक्षकाच्या बॅगेत असावा.

ढीग दिसला की जेसीबी बोलावून उचलण्याची घाई होते आणि पुरावाही त्याबरोबर जातो. आधी अर्धा तास द्यावा. दोन पंचांसमोर लांबी, रुंदी, उंची मोजावी, फोटोत विजेच्या खांबाचा क्रमांक घ्यावा आणि ढीग उकरावा. तोडफोडीच्या मालात नव्या टाइल्सची रिकामी खोकी येतात. त्यांवर दुकानाचा शिक्का, बॅच क्रमांक, कधी पेनाने लिहिलेले साइटचे नाव असते. घरगुती पिशवीत कुरिअरचे लेबल सापडते. एवढ्यावरून कुणाला दोषी धरू नये, पण माल उचलायला कुणाला दिला होता, हे नोटीस काढून नक्की विचारता येते.

इथली खास अडचण हद्दीची. महापालिका 1972 ची. पन्नास वर्षे उलटली तरी हद्दवाढ रखडलेलीच. उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी शहराला चिकटलेली. बांधकाम शहरातले आणि ढीग ग्रामपंचायतीत, असे झाले की महापालिकेच्या निरीक्षकाला तिथे पावती फाडता येत नाही आणि ग्रामपंचायतीकडे रात्री फिरायला माणूस नसतो. अशा वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे) कलम 152 वापरावे. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश प्रांताधिकारी देऊ शकतात. त्याला महापालिकेची हद्द आड येत नाही. तक्रार मात्र मोजमाप आणि फोटोंसह गेली पाहिजे. नुसत्या अर्जावर काही हलत नाही.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. पंचगंगेच्या पूररेषेत सखल जागेवर पडणारी भर पुष्कळदा जागामालकाला हवीच असते. त्यामुळे तक्रार करणारा कुणी नसतो. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या शहराने याकडे डोळेझाक करणे घातक आहे. नोटीस वाहनमालकाबरोबर सातबारावरच्या किंवा प्रॉपर्टी कार्डावरच्या नावालाही गेली पाहिजे.

तरीही आमच्या मते सर्वांत सोपी जागा आहे ती बांधकाम परवान्याची. बांधकाम आणि तोडफोडीच्या कचऱ्याबाबतच्या 2016 च्या नियमांनी दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टनांहून अधिक मलबा काढणाऱ्यांना आधी आराखडा मंजूर करून घ्यायला लावले. एक ब्रास (शंभर घनफूट) खरमाती साधारण साडेतीन-चार टन भरते, म्हणजे दिवसाला पाच-सहा ब्रासच्या वरचे काम. एका बाथरूमची तोडफोड यात बसत नाही, आणि जयंती नाल्याच्या काठाला येतो तो बहुतांशी असलाच माल. स्वच्छ मुरूम-माती भरावासाठी कुणीही नेते. पीओपी, फुटके कमोड आणि थर्माकोल मिसळलेला माल कुणालाच नको असतो.

म्हणून महापालिकेच्या प्रत्येक विभागीय कार्यालयाने आपल्या भागात एक संकलन जागा ठरवावी. दर ब्रासवर आणि कमी ठेवावा. ती रात्री नऊपर्यंत उघडी असावी, कारण गवंडी काम आटोपल्यावर संध्याकाळीच ट्रॉली भरतात. पाचला कुलूप लागले तर तीच ट्रॉली अंधारात नाल्याकडे वळणार. पावतीवर परवाना क्रमांक, वाहन क्रमांक, वेळ आणि भरलेल्या ट्रॉलीचा फोटो असावा, म्हणजे एकच पावती दोनदा चालणार नाही. परवाना देताना अनामत घ्यावी, नकाशावरून मलब्याचा अंदाज काढावा आणि पावत्यांची बेरीज त्याच्याशी जुळल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. परवाना न लागणाऱ्या दुरुस्तीसाठी हीच पावती अपार्टमेंटच्या सोसायटीने ठेकेदाराकडून घ्यावी आणि मगच त्याचे शेवटचे बिल चुकते करावे.

काही जाणकार नागरिक,
कोल्हापूर