नवोदित कोण, हे वयावरून ठरवू नका

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका कथास्पर्धेला मी कथा पाठवली. जाहिरातीत ‘नवोदितांसाठी’ एवढंच लिहिलं होतं. आठ दिवसांनी फोन आला. वयोमर्यादा ३५ आहे आणि तुमचं वय ५३, म्हणून कथा वाचायला घेता येणार नाही. बोलणारा मुलगा सज्जन होता, त्याने दोनदा माफी मागितली. पण लग्नानंतर पूर्ण केलेली ती माझी पहिली कथा होती. नवोदित म्हणायचं तरी कुणाला?

मी नागपूरच्या महाल भागात राहते. कॉलेजात असताना बऱ्यापैकी लिहायची. आकाशवाणी नागपूरच्या ‘युववाणी’त एक ललित लेख वाचला, तेव्हा बाबांनी शेजारच्या तीन घरी रेडिओ लावून ठेवायला सांगितलं होतं. १९९५ ला लग्न झालं. दोन मुलं, एकत्र कुटुंब, दारात चपलांचा ढीग. लिहिणं कुणी बंद केलं नाही. ते मागे पडत गेलं, आणि मलाही पुढे त्याची आठवण राहिली नाही.

मग सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. आठ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. डॉक्टरांनी रोजचं बीपी, शुगर आणि औषधांच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या, म्हणून मी दोनशे पानी वही आणली. झटक्यानंतर आईंचं बोलणं विस्कटलं होतं. मध्येच त्या माहेरच्या गावी जायच्या, आई-भावांना हाका मारायच्या. एकदा पहाटे चार वाजता मला म्हणाल्या, ‘‘वावरात बोंडं फुटली न माय, कोनी वेचाले गेलं का नाई?’’ बीपीच्या आकड्यांशेजारी मी ते वाक्य लिहून ठेवलं. डॉक्टरांना दाखवावं, एवढाच विचार होता. पुढे रोज लिहायला लागले. डाव्या बाजूला १५०/९०, सकाळची गोळी दिली, लघवी झाली. उजव्या बाजूला आईंचं बोलणं, त्या वेळी खिडकीतून ऊन कुठवर आलं होतं, कूलरचा वाळा वाळला की त्या कशा कासावीस व्हायच्या, आणि हिवाळ्यात सांबारवडीचा वास आला की नेमकी माझीच चूक कशी काढायच्या.

अशा सात वह्या भरल्या.

आई गेल्यावर वर्षभर त्या कपाटावर पडून होत्या. मुलगी पुण्याला नोकरीला निघाली तेव्हा घर आवरताना म्हणाली, ‘‘रद्दीत देऊ का?’’ मी सहज एक उघडली आणि स्वयंपाक तसाच राहिला. मला वाटत होतं की माझं लिहिणं पंचवीस वर्षांपूर्वी सुटलं. ते सुटलं नव्हतं, औषधांच्या हिशेबाशेजारी जागा करून बसलं होतं. त्या वह्यांतूनच मी ही कथा काढली. ह्यांनी रोज जेवण झाल्यावर एकेक पान मोबाइलवर टाइप करून दिलं.

म्हणून आयोजकांना मनापासून विचारावंसं वाटतं. वयाची अट नेमकी कशासाठी? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यातलं घर, भांडणं, बिऱ्हाडं पंचविशीत त्यांना अशी लिहिता आली असती, असं मला तरी वाटत नाही. तरुणांसाठी वेगळं बक्षीस जरूर ठेवा, माझा मुलगाही त्याच वयाचा आहे. पण मग जाहिरातीत ‘युवा’ लिहा. ‘नवोदित’ हा शब्द आमच्यासाठीही राहू द्या.

दुसरं, वेळेचं. आपल्या शहरात साहित्याची उणीव नाही. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची शताब्दी झाली, आणि त्याच निमित्ताने २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. मी एसटीने एक दिवस जाऊन आले. कविता ऐकायला बसलेल्यांत माझ्या वयाच्या कितीतरी बाया होत्या, काहींच्या पिशवीत डबा, काहींच्या पिशवीत वही. मात्र एरवी नागपुरातले बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी सहा-साडेसहाला असतात. त्या वेळी घरोघरी कणीक मळायची असते, कुणाचा नातू शिकवणीहून यायचा असतो, कुणाच्या घरी आजारी माणसाचं औषध असतं. आम्ही मोकळ्या असतो दुपारी, एक ते चार. महिन्यातून एक कार्यक्रम त्या वेळेत ठेवून पाहावा.

सध्या आम्ही महालातल्या चौघी दर मंगळवारी दोन वाजता एकमेकींच्या घरी जमतो आणि लिहिलेलं वाचून दाखवतो. एकीने कॉटन मार्केटमधल्या तिच्या भाजीच्या दुकानावर इतकं सुंदर लिहिलं आहे की ते छापून यायलाच हवं. एप्रिलपासून मात्र वरच्या मजल्याच्या खोल्यांत दुपारी बसवत नाही. परिसरातल्या एखाद्या वाचनालयाचा हॉल त्या वेळेला रिकामा असेल, तर दोन तासांसाठी मिळावा. चटया आम्ही आणू, झाडूनही घेऊ. आपल्या वृत्तपत्रातून हे योग्य लोकांपर्यंत पोहोचावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपली नम्र,
एक वाचक, महाल, नागपूर